तिसरा हिस्सा : बडोदे राज्यातील पुस्तकालये आणि त्यांचे पाठीराखे



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की श्रोत्यांची अपेक्षा एखाद्या लढाईची, तहाची, निदान एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राची असते. माझ्या आजच्या विषयात लढाई नाही. थोर पुरुष आहे, पण तो बहुतेक वेळ पडद्यामागेच राहणार आहे. या हकीकतीत आहेत त्या लाकडी पेट्या, रेल्वेच्या पावत्या, पुस्तकांच्या नोंदवह्या आणि सालाला शंभर रुपये जमविताना मेटाकुटीला येणारी खेडी. एवढ्या सामग्रीवर आपला तासभर घेण्याचे धाडस मी करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो.

आपल्याकडे संस्था कशा निघाल्या याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका त्यानेच भरलेल्या असतात. त्या बंद कशा पडतात याविषयी मात्र कोणी लिहीत नाही, कारण बंद पडलेल्या संस्थेची स्मरणिका निघत नाही. वाचनालयाचेच उदाहरण घ्या. पाचसात तरुण एकत्र जमतात, कोणाच्या तरी ओसरीवर कपाट येते, पहिल्या वर्षी उत्साह ओसंडून वाहतो. तिसऱ्या वर्षी चिटणिसाची बदली होते. त्याच्या जागी आलेल्याला पुस्तकांची नोंद कशी ठेवावयाची हे ठाऊक नसते, वर्तमानपत्राची बाकी तुंबते, आणि पाचव्या वर्षी कपाटाला वाळवी लागते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो आणि पुस्तकांवरचे प्रेमही आटलेले नसते. मी स्वतः काही वर्षे एका लहान वाचनालयाची चिटणिशी केली आहे. पहिले वर्ष पुस्तके निवडण्याच्या आनंदात गेले. दुसऱ्या वर्षी हिशेबतपासनिसांनी तीन हरवलेल्या पावत्या मागितल्या, आणि त्यानंतर आमच्या कार्यकारी मंडळाच्या सभेला गणसंख्या भरेनाशी झाली.

समाजाला मदत करण्यासाठी संस्था निघते, हे खरे. पण त्या संस्थेला कोणी मदत करावयाची? वाळवी लागण्यापूर्वी तिच्या दारात कोणी यावयाचे? हा प्रश्न बडोदे राज्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मनावर घेतला, आणि त्याचे जे उत्तर काढले ते आजही तपासून पाहण्याजोगे आहे. म्हणून तीच हकीकत सांगतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि १८८१ साली त्याने राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, हे आपण सर्व जाणता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. पण शाळा सोडल्यावर त्या मुलाच्या हाती वाचावयास काहीच पडले नाही, तर चार वर्षांत अक्षरे विसरून तो पुन्हा होता तिथेच येतो. सक्तीवर केलेला खर्च वाया जाऊ द्यावयाचा नसेल तर खेड्यात पुस्तक पोहोचले पाहिजे, हा महाराजांचा हिशेब होता. १९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिकडची सार्वजनिक पुस्तकालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन शहरातील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले.

बहुतेक लेखक हकीकत इथून सुरू करतात : राजा, अमेरिकन तज्ज्ञ, नवे खाते. मला ती चार वर्षे मागे नेऊन एका शाळामास्तरापासून सुरू करावीशी वाटते.

मोतीभाई अमीन हे चरोतरातले, वसो गावचे. जन्म १८७३ चा, पेशा शिक्षकाचा. बॉर्डन यांचे नावही बडोद्यात कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून, म्हणजे १९०६ च्या सुमारापासून, या गृहस्थाने खेडोखेडी ‘मित्रमंडळे’ काढावयास आरंभ केला होता. मित्रमंडळ म्हणजे काय, तर गावातल्या काही मंडळींनी मिळून वर्गणी काढावयाची, चार नियतकालिके मागवावयाची आणि ती ज्याला हवी त्याला वाचू द्यावयाची. शिक्षक असल्याने मोतीभाईंचे जुने विद्यार्थी गावोगाव पसरलेले होते. त्या विद्यार्थ्यांच्या जाळ्यावर ही मंडळे उभी राहिली. सरकारचा हुकूम नाही, इमारत नाही, पुष्कळदा कपाटही नाही. पण मंडळी होती. बॉर्डन आले तेव्हा त्यांना कोरी पाटी मिळाली नाही, आणि ही त्यांच्या दृष्टीने मोठी भाग्याची गोष्ट झाली. दरबारनेही शहाणपण असे केले की या मास्तरालाच नव्या खात्यात आणून बसविले. खात्याचा एक पाय राजवाड्यात आणि दुसरा वसोच्या पारावर, अशी ती जोडणी होती.

बॉर्डन तीनच वर्षे राहिले. १९१३ मध्ये ते परत गेले. पण तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती पुस्तकालय उभारले. महाराजांचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा खाजगी संग्रह हा त्याचा पाया होय. त्यांनी ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग १९११ मध्ये उघडला, आणि ‘लायब्ररी मिसेलनी’ या नावाचे इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांतले नियतकालिक १९१२ मध्ये सुरू केले. त्यांच्यामागून खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिणारे कुडाळकर मराठी होते, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी ठेवलेली दिसत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. खात्याच्या दोन शाखा होत्या. एक मध्यवर्ती पुस्तकालयाची, आणि दुसरी मुलखातल्या पुस्तकालयांसाठी. राज्य सुमारे आठ हजार चौरस मैलांचे, १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे वस्ती वीस लाखांवर. आणि सलग मुलूख नव्हे बरे! बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत इंग्रजी मुलखात आणि लहानसहान संस्थानांत बेटांसारखे विखुरलेले. अशा राज्यात प्रत्येक गावी सरकारी पुस्तकालय उघडून सरकारी नोकर बसविणे शक्य नव्हते, आणि शक्य असते तरी ते चालले असते असे मला वाटत नाही. खात्याने निराळा नियम केला. गावाने पुस्तकालयासाठी सालाला जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच राज्याने द्यावी. पंचायत म्हणजे आपल्या लोकल बोर्डासारखी संस्था. याला मर्यादा ठरलेली होती. लहान गावाला शंभर रुपये, मोठ्या कसब्याला तीनशे, प्रांताच्या ठिकाणाला सातशे. म्हणजे ज्या खेड्याने धडपडून शंभर रुपये उभे केले त्याच्या पुस्तकालयाजवळ तीनशे रुपये होत. इमारतीलाही हेच तत्त्व लावलेले होते.

हा एक-तृतीयांशाचा नियम वरवर पाहता जमाखर्चाचा दिसतो. पण त्याच्या पोटात काय आहे पाहा. गावाने काही केले नाही तर राज्याने काही करावयाचे नाही, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की दोन हिस्से बाहेरून आले तरी पुस्तकालय गावाचेच राहिले. त्याची समिती गावाची, त्याची जागा गावाची, आणि शंभर रुपये देणाऱ्या गावकऱ्याला ‘माझ्या पैशाचे काय केलेत?’ असे चिटणिसाला पारावर उभे करून विचारण्याचा हक्क. हा प्रश्न विचारणारा गावात असला की सरकारी तपासनिसाचे निम्मे काम झालेले असते. तपासनीस येतच. पण त्यांनी येऊन शेरे मारण्यापेक्षा नोंदवही कशी भरावी, पुस्तकावर क्रमांक कसा घालावा, देवघेवीची चिठ्ठी कुठे ठेवावी हे दाखविणे अधिक मोलाचे. माझ्या वाचनालयात त्या दुसऱ्या वर्षी असे कोणी एकदा जरी आले असते तरी त्या तीन पावत्यांचे प्रकरण घडले नसते.

पैशाइतकीच महत्त्वाची होती ती पेटी. फिरत्या पुस्तकालयांसाठी खात्याने मजबूत लाकडी पेट्या करविल्या होत्या. एकेका पेटीत दोनेक डझन पुस्तके राहत. गावातल्या जबाबदार माणसाने मागणी केली की पेटी रेल्वेने निघे. जाण्यायेण्याचे भाडे राज्य भरीत असे आणि वाचणाऱ्याला एक पैही पडत नसे. ठराविक मुदतीने पेटी परत जाई आणि दुसरी येई. आता लहान पुस्तकालयाच्या दृष्टीने हा केवढा आधार होता याची कल्पना करा. शंभरदीडशे पुस्तकांचे कपाट एका हिवाळ्यात वाचून संपते. मग वाचक येईनासा होतो, वाचक आला नाही की वर्गणी येत नाही, वर्गणी नाही म्हणून पुस्तक नाही. लहान वाचनालये मरतात ती बहुधा या चक्रात सापडून. पेटीने ते चक्र तोडले. गावाच्या कपाटात जे नव्हते ते पेटीत आले, आणि गावाला ते विकत घ्यावे लागले नाही. जिथे पुस्तकालयच नव्हते तिथे पेटीने वाचकांची भूक वाढविली. नकाशे, चित्रे आणि मॅजिक लँटर्न घेऊन गावोगाव जाणारी खात्याची एक शाखाही होती, आणि बडोद्यात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था केलेली होती. त्या प्रकरणात आज शिरत नाही, ते निराळ्या व्याख्यानाचे काम आहे.

ही सगळी शोभा सांगताना एक व्यंग झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ‘जमवाल तेवढे देऊ’ हा नियम ज्याला जमविता येते त्याच्या सोयीचा असतो. चरोतर हा तंबाखूच्या पिकाचा सधन मुलूख. तिथल्या पाटीदारांच्या गावाला शंभर रुपये उभे करणे कठीण नव्हते. नवसारी प्रांतातल्या सोनगढ-व्यारा भागातल्या डोंगरी आदिवासी वस्तीला ते कसे जमावे? तिथे पहिला हिस्साच उभा राहत नाही, तेव्हा दुसरा आणि तिसरा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या गरिबाला आधार उरला तो पेटीचा, आणि पेटीही वाचता येणाऱ्यालाच उपयोगी. जातीचा प्रश्न तर याहून बिकट. पुस्तकालय नियमाने सर्वांना खुले असले तरी गावच्या पारावरचे पुस्तकालय अंत्यज वाचकाला खरोखर किती खुले असेल हे आपल्या गावांचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको. गावाला कारभार सोपविला म्हणजे गावाचे दोषही त्याबरोबर सोपविले जातात. वरच्या आधारसंस्थेचे काम इथे नुसता पैसा देऊन संपत नाही, तिने अट घातली पाहिजे आणि ती पाळली जाते की नाही ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे. या बाबतीत बडोद्याला पुरे गुण देता येणार नाहीत.

मला या सर्व इतिहासात अधिक मोलाचे वाटते ते १९२४ सालचे पाऊल. तोपर्यंत पुस्तकालयांची संख्या वाढली होती आणि प्रत्येकाला त्याच त्या अडचणी येत होत्या. खेड्यातल्या समितीने पुस्तके घ्यावयाची तर कोठून? शहरातला विक्रेता एकट्या गिऱ्हाइकाला सवलत देत नाही. नोंदवह्या आणि छापील तक्ते पन्नास प्रतींसाठी कोणी छापून देत नाही. कपाट गावच्या सुताराकडून करवावे तर फळ्यांची उंची चुकते आणि मोठी पुस्तके आडवी ठेवावी लागतात. (हसू नका, आमच्या वाचनालयातला ज्ञानकोश असाच आडवा पडलेला होता.) या अडचणी खात्याने सोडवाव्यात असे म्हणता आले असते. मोतीभाई स्वतः खात्यातच होते, त्यांना ते सोपेही गेले असते. पण त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी बडोद्यास ‘पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ’ स्थापन केले. पुस्तकालयांना पुस्तके, नियतकालिके, छापील सामान आणि कपाटे पुरविणारी ही सहकारी संस्था होती. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, ‘पुस्तकालय’ हे गुजराती मासिकही सुरू झाले. त्यामुळे दूरच्या गावातल्या चिटणिसाला दुसऱ्या दूरच्या गावातल्या चिटणिसाची हालहवाल कळू लागली.

हे मंडळ खात्याहून कशात निराळे होते, हा प्रश्न आपल्या मनात येईल. उत्तर असे आहे की खात्याचा पैसा दरबारातून येई आणि मंडळाचे पोट धंद्यावर चाले. नोंदवही विकली तर दोन पैसे सुटत, कपाट विकले तर चार सुटत, आणि त्या सुटलेल्या पैशावर मंडळ उभे राही. नोंदवही वाईट निघाली तर पुस्तकालये ती घेणार नाहीत, म्हणजे मंडळाला आपल्या गिऱ्हाइकाची पर्वा करणे भाग होते. मदत करणारी संस्था ज्यांना मदत करावयाची त्यांच्याच मुठीत राहील, अशी ती रचना होती. मोतीभाईंच्या कर्तृत्वातली ही बाजू त्यांच्या सार्वजनिक सेवेच्या गौरवात बरीच झाकली गेली आहे.

१९३९ च्या फेब्रुवारीत, एकाच आठवड्यात, मोतीभाई आणि सयाजीराव महाराज हे दोघेही निवर्तले. त्या सुमारास राज्यातल्या पुस्तकालयांची संख्या हजारावर गेलेली होती. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० मध्ये तो मुलूख गुजरातेत गेला.

आता आपल्या दारी येऊ. महाराष्ट्रातली वाचनालये बडोद्याहून जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. पण ही प्रत्येक संस्था आपापल्या गावाच्या ऐपतीवर एकटी उभी होती. सर्वांना मिळून आधार देणारी योजना १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने आखली आणि तिची अंमलबजावणी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सुरू झाली. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला आणि १९६८ च्या मे महिन्यात तो अमलात आला. मद्रासने १९४८ मध्येच कायदा करून पुस्तकालयांसाठी स्वतंत्र उपकर बसविला होता. महाराष्ट्राने तो रस्ता धरला नाही. लोकांनी चालविलेली वाचनालये तशीच लोकांच्या हाती ठेवावीत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडावेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान द्यावे, असे आपण ठरविले. ही निवड बडोद्याच्या वळणाचीच आहे, आणि ती बरोबर होती असे माझे मत आहे. आज राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. आणि त्यांना आधार म्हणून कायद्यानेच जिल्ह्याजिल्ह्याचे ग्रंथालय संघ मान्य केलेले आहेत.

जिल्हा ग्रंथालय संघ हे नाव आपल्यापैकी कित्येकांनी ऐकलेलेही नसेल. एखाद्या जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एका टेबलावर त्याचे कार्यालय असते. संघ ग्रंथालयसेवकांचे प्रशिक्षणवर्ग चालवितो, त्यातून खेड्यातली मुलेमुली वर्गीकरण आणि नोंदी शिकून जातात. वार्षिक अधिवेशन भरवितो. ग्रंथालयाला सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावयाचा असतो आणि अनुदानासाठी ग्रंथालय खात्याकडेही कागद पाठवावयाचे असतात. या दोन दरवाजांमध्ये गोंधळलेला चिटणीस बहुधा संघाच्याच माणसाला विचारतो. हे काम कोणाला दिसत नाही, त्याचा सत्कारही होत नाही. पण मी अशा माणसांना भर पावसाळ्यात तालुक्याला जाऊन तिथल्या ग्रंथालयाची दाखलनोंद स्वतःच्या हाताने पुरी करून देताना पाहिले आहे.

तथापि संघांच्या अधिवेशनांतले ठराव ऐकले की मन थोडे खट्टू होते. पहिला ठराव अनुदान वाढवावे हा, दुसरा ते वेळेवर द्यावे हा, तिसरा सेवकांना वेतनश्रेणी द्यावी हा. हे तिन्ही ठराव रास्त आहेत. सेवकाला जे मानधन मिळते त्यात त्याचे घर चालत नाही, हे मी जवळून जाणतो. पण या तिन्ही ठरावांचे तोंड मुंबईकडे आहे. गावाकडे तोंड करणारा चौथा ठराव मी क्वचितच ऐकला. बडोद्यात तीन हिस्से होते आणि त्यांतला पहिला गावाचा होता. आपल्याकडे काही ठिकाणी गावाचा हिस्सा कागदावर वर्गणीदारांची यादी पुरी करण्यापुरता उरला आहे. अशा ठिकाणी अनुदानाचा हप्ता सहा महिने लांबला की वर्तमानपत्र बंद होते, आणि ते का बंद झाले असे पारावर विचारणारा कोणी राहिलेला नसतो. संघालाही शासनाशी भांडावयाचे तर पंचाईत होते, कारण त्याचे स्वतःचे अनुदान त्याच तिजोरीतून यावयाचे.

एका तालुक्यातली तीसचाळीस ग्रंथालये दिवाळी अंक आजही निरनिराळे विकत घेतात, निरनिराळ्या सवलतीने, आणि बहुधा सवलतीवाचून. बांधणीला गेलेली पुस्तके प्रत्येकाची स्वतंत्र गठ्ठ्याने शहरात जातात. एका ग्रंथालयात एखाद्या कादंबरीच्या तीन प्रती धूळ खात पडलेल्या असतात आणि आठ मैलांवरच्या ग्रंथालयात ती मिळत नाही म्हणून वाचक परत जातो. या तिन्ही गोष्टींना शासनाचा हुकूम लागत नाही, कायद्यात दुरुस्ती लागत नाही. बडोद्याच्या मंडळींनी १९२४ मध्ये जे केले तेवढेच लागते. आपल्या जिल्ह्याच्या संघाचे पदाधिकारी आज समोर बसलेले मला दिसत आहेत. व्याख्यान संपल्यावर ते मला अडवतील अशी आशा आहे, कारण एका मजबूत पेटीला आज काय खर्च येतो याची चौकशी मी सुताराकडे करून आलो आहे.